आषाढ म्हणाल्या ते बरोबरच होतं

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही सुदामानगरला राहतो. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. माहेर देवासचं, शिक्षण मराठी सातवी. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या आठ-दहा महिन्यांपासून त्या एकच गोष्ट चार-चारदा विचारतात. भाजीत मीठ दोनदा पडतं. गेल्या महिन्यात अन्नपूर्णेच्या देवळातून घरी येताना रस्ता चुकल्या, ओळखीच्या एका मुलाने स्कूटरवर आणून सोडलं. बांगडी सापडली नाही की कामवालीवर संशय घेतात. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत, रात्री झोपेची अर्धी गोळी. फॅमिली डॉक्टरांकडे नेलं तर त्यांच्याकडची ज्युनिअर मुलगी हिंदीतून प्रश्न विचारत बसली. आज तारीख कोणती, महिना कोणता, सौ में से सात घटाइए, आम-कुर्सी-सिक्का लक्षात ठेवा, घड्याळ काढा. दहा मिनिटांत ३० पैकी १८ गुण लिहून दिले. महिना विचारल्यावर सासूबाई "आषाढ" म्हणाल्या, तर ती "सावन लग गया, माताजी" म्हणाली आणि फुली मारली. सासूबाई इतक्या खजील झाल्या की घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. रिक्षात एकदाच म्हणाल्या, "यंदाचे आंबे संपले ना गं?" ह्यांचं म्हणणं, वय झालं की होतंच. पुण्याची नणंद म्हणते, माझ्याशी फोनवर छान बोलते, तुम्हीच काहीतरी मनात घेतलंय. डॉक्टर म्हणतात, रक्त तपासा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा या. दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांवर विश्वास ठेवायचा का? थेट एमआरआय करू का? मुंबईला नेऊ का?
– एक सून, इंदूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पंचांग काढून बसले. तुम्ही दवाखान्यात गेलात ती तारीख पत्रासोबत कळवली आहे, त्या दिवशी आषाढ वद्य पंचमी होती. सासूबाईंचं उत्तर बरोबर होतं.

आपल्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो. माळव्यातल्या आपल्या शेजाऱ्यांकडे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना आपल्यापुढे निघून जातो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून शेजारी सावन सुरू होतो, रस्त्यावर कावडवाले दिसू लागतात, आणि आपल्याकडे दिव्याची अवस होईपर्यंत आषाढच असतो. इंदुरात पन्नास वर्षं काढलेल्या मराठी बाईला दोन्ही हिशेब ठाऊक असतात. पण अचानक विचारलं की तोंडून घरचाच महिना निघतो. त्या मुलीने मुद्दाम काही केलं नाही, तिच्या हातातल्या कागदावर सावन बरोबर होता. पण एवढ्यासाठी एका बाईने रिक्षाभर मान खाली घालून बसावं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी तो एक गुण परत मागा. डॉक्टर ऐकतील, ऐकायलाच हवं.

आता दुसरी बाजूही सांगते. तो गुण मिळाला तरी १८ चे १९ होतील, आणि अन्नपूर्णेच्या देवळापासून सुदामानगरचा रस्ता चुकणं त्याने पुसलं जाणार नाही. ज्या रस्त्याने त्या वर्षानुवर्षं पायी आल्या, तो एक दिवस अनोळखी वाटला. माझ्या लेखी १८ या आकड्यापेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची आहे, आणि ती डॉक्टरांना तुम्ही सांगायला हवी. ती सांगितलीत की नाही, हे पत्रावरून कळत नाही.

३० गुणांची ही प्रश्नपत्रिका १९७५ सालची, मार्शल फोलस्टीन, सूझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी अमेरिकेत तयार केलेली. वेळ, ठिकाण, तीन शब्द, वजाबाकी, वस्तूंची नावं, वाक्य उच्चारणं, कागदाची घडी, वाचणं, लिहिणं, आकृती काढणं असं सगळं त्यात येतं. २४ च्या खाली गुण आले की पुढे तपासावं, असा रिवाज पडला. पण शाळा जितकी कमी, तितके गुण कमी पडतात, मेंदू ठणठणीत असला तरी. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, जिथे अनेक म्हातारी माणसं कधी शाळेत गेलीच नव्हती, तिथे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून याच परीक्षेचं हिंदी रूप घडवलं. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत, प्रश्नच बदलले. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. वाक्य वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करते तसं करा. सासूबाईंना शंभरातून सात वजा करायला लावलं, त्यावरून त्या मुलीने मूळ परीक्षेचंच भाषांतर वापरलं असावं असा माझा अंदाज आहे. सातवी शिकलेल्या आणि आयुष्यभर किराण्याचा हिशेब बोटांच्या पेरांवर केलेल्या बाईला वार उलटे म्हणायला सांगितले असते, तर कदाचित आणखी एक-दोन गुण आले असते.

मग ही परीक्षा कुचकामी का? अजिबात नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला तिचा फार उपयोग झाला आहे. फक्त तिच्याकडून काय मागायचं हे कळलं पाहिजे. तीन शब्दांचंच बघा. शब्द सांगितले की लगेच ते म्हणायला लावतात, तेव्हा फक्त ऐकू आलं का आणि लक्ष आहे का एवढंच कळतं. मग मध्येच दुसरं काम देतात, वजाबाकी नाहीतर घड्याळ. शब्द मनात घोळवत बसता येऊ नयेत म्हणून. आणि चार-पाच मिनिटांनी विचारतात, ते तीन शब्द कोणते होते? आता गंमत पुढे आहे. शब्द आठवला नाही आणि डॉक्टरांनी "एक फळ होतं" असं सुचवल्यावर चटकन आठवला, तर तो आत साठलेला होता, बाहेर काढायला वेळ लागत होता. सुचवूनही आठवला नाही, "तुम्ही मला शब्द सांगितलेच कधी?" असं उत्तर आलं, तर साठवण्यातच अडचण असण्याची शक्यता वाढते. दोन्हीला गुण शून्य, पण अर्थ वेगळे. सासूबाई रिक्षात आंब्यांविषयी बोलल्या, ते मला फार लागलं. "आम" कुठेतरी आत पोचला होता. त्याचा गुण मिळत नाही, आणि त्यावरून मी कुठला निष्कर्षही काढणार नाही, पण डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. चांगल्या डॉक्टरला अशा गोष्टी हव्या असतात.

घड्याळ हा माझा आवडता भाग. मूळच्या तीस गुणांत तो नाही, वेगळा जोडून घेतात. गोल काढून दिला जातो, त्यात आकडे भरायचे आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. अकरा-दहाच का? कारण "दहा" ऐकलं की हात दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. त्या ओढीला थांबवून मोठा काटा दोनवर न्यायचा, म्हणजे आकड्याचं मनातल्या मनात भाषांतर करायचं. यात आठवण कमी लागते, आखणी आणि संयम जास्त लागतो. तुम्ही पत्रासोबत सासूबाईंच्या घड्याळाचा फोटो पाठवला आहे. बारा वर बरोबर लिहिला आहे. एक ते सात उजवीकडे दाटीवाटीने आले, मग जागा संपलीशी वाटून आठ, नऊ गोलाच्या बाहेर गेले, आणि दोन काटे दहा आणि अकराकडे. त्यांनी आयुष्यात हजारदा घड्याळ पाहिलं आहे, काढायची वेळ कधी आली नसेल हेही खरं. ज्या माणसाने पेन्सिल क्वचितच धरली त्याचं घड्याळ वेडंवाकडं येतं. पण काटे चुकणं आणि रेष थरथरणं यात फरक आहे, आणि इथे काटे चुकले आहेत.

परीक्षेची भाषा हाही मोठा प्रश्न आहे, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तर फारच. बाजारात, बसमध्ये, डॉक्टरकडे आपण हिंदी बोलतो, देवापुढे आणि स्वयंपाकघरात मराठी. सासूबाईंची हिंदी कामापुरती असेल. गप्पांना ती पुरते. पण तीन अनोळखी शब्द धरून ठेवणं, वाक्य अचूक परत म्हणणं, हे काम परक्या भाषेत दुप्पट जड होतं. तेव्हा पुढच्या वेळी स्पष्ट सांगा की आईंची परीक्षा मराठीतून घ्या. डॉक्टरांना मराठी येत नसेल तर मराठी जाणणारी नर्स किंवा दुसरे डॉक्टर चालतील. तुम्ही दुभाषी होऊ नका. का, ते सांगते. घरच्या माणसाला बघवत नाही. शब्द आठवेना की सुनेचे ओठ हलतात, मुलगा खोकल्याचं निमित्त करून "खुर्ची" पुटपुटतो. माझ्या टेबलासमोर हे मी किती वेळा पाहिलं आहे. आणि पेशंटही प्रत्येक प्रश्नाला मान वळवून घरच्यांकडे बघतो. ही मान वळवणंही आम्ही टिपून ठेवतो बरं का, स्मृती कमी होत असल्याची ती एक ओळखीची खूण आहे.

कानांचंही पाहून घ्या. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना मी फार कमी गुण दिले, घरच्यांना काळजीत टाकलं. आठवड्याने त्यांच्या कानांत टॉर्च टाकला तर दोन्हीकडे मळ घट्ट बसलेला. तो काढून पुन्हा विचारलं तेव्हा तिन्ही शब्द टकाटक आले. मी त्यांची माफी मागितली. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात आधी कान आणि चष्मा, मग प्रश्न. सासूबाई टीव्ही मोठ्याने लावतात का, "काय म्हणालीस?" जास्त विचारतात का, ते बघा. कमी ऐकू येणं हे नुसतं परीक्षेपुरतं महत्त्वाचं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराचा, धोका वाढवणाऱ्या आणि आपल्या हातात असलेल्या १४ गोष्टी मांडल्या, त्यांत ऐकू कमी येणं ठळकपणे आहे. बीपी, साखर, कमी दिसणं, एकटेपणा, नैराश्य हेही त्यातच.

आता मुख्य काम, आणि ते तुमचं आहे. एक वही घ्या.

फॅमिली डॉक्टरांसाठीच ऑस्ट्रेलियात २००२ साली तयार झालेली एक तपासणी आहे. तिच्यात पेशंटला ९ गुणांचे प्रश्न असतात आणि घरच्या माणसाला सहा. पेशंटचे गुण मधल्या पट्ट्यात आले की निवाडा घरच्यांच्या उत्तरांवर ठरतो. म्हणजे तुमचं बोलणं तपासणीचाच भाग आहे, ती काही सासूची तक्रार नव्हे. हे तुमच्या ह्यांनाही वाचून दाखवा. ते सहा प्रश्न साधारण असे: पूर्वीपेक्षा आता अलीकडच्या घटना लक्षात ठेवणं जड जातं का; दोन-चार दिवसांपूर्वीचं बोलणं आठवतं का; बोलताना शब्द सापडत नाही किंवा भलताच येतो का; पैशांचे व्यवहार जमतात का; गोळ्या स्वतःच्या स्वतः घेता येतात का; बाहेर जायला पूर्वीपेक्षा जास्त सोबत लागते का. प्रत्येक प्रश्नात "पूर्वीपेक्षा" हा शब्द धरून चला. ज्या बाईने आयुष्यात कधी बँकेत पाऊल टाकलं नाही तिला एटीएम जमत नाही, यात आजार नाही. पण जी बाई खजुरी बाजारातून सुट्या पैशांसकट हिशेब घेऊन यायची, तिने भाजीवाल्यापुढे पर्स उघडून "तूच घे" म्हटलं, तर तो बदल आहे.

वहीत "विसरतात" असं लिहू नका. तारीख, वेळ, काय घडलं, मग काय झालं. उदाहरणादाखल: "मंगळवार संध्याकाळ. दूध गॅसवर ठेवून देवघरात गेल्या. उतू गेल्यावर वासाने मी धावले. त्या म्हणाल्या, दूध मी ठेवलंच नाही." चांगला दिवस असेल तर तोही लिहा. शेजारणीच्या नातवाचं नाव दहा वेळा चुकलं तरी मला चिंता नाही, माझंही चुकतं. मात्र तो नातू जन्माला आल्याचं कळल्यावर पेढे वाटले हेच आठवत नसेल, तर ते नक्की लिहा.

आणि स्वयंपाकघराकडे नीट बघा. पुरणपोळीसारखी परीक्षा कुठल्या दवाखान्यात नाही. डाळ शिजत घालायची, तोवर कणीक तिंबून ठेवायची, डाळीचं पाणी काढून कटाच्या आमटीला ठेवायचं, पुरण गुळासकट आटवायचं, गरम असतानाच वाटायचं, आणि मग एकीकडे लाटणं, एकीकडे तव्यावर लक्ष. पाच-सहा कामं क्रमाने आणि एकमेकांत गुंतवून करायची. ही आखणी मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि तो थकला की हात शाबूत असूनही क्रम सुटतो. कट काढायचा राहतो, मीठ दोनदा पडतं, गूळ घातला की नाही ते कळत नाही. सासूबाईंनी या होळीला पोळ्या केल्या का? कशा केल्या? त्या स्वतः बाजूला होऊन "तूच कर गं आता" म्हणू लागल्या आहेत का? पुष्कळ घरांत याला सुनेवरचा विश्वास समजतात. कधी तो असतोही. कधी आपल्याला आता जमत नाही हे माणूस असं झाकत असतो. तुम्हीच ओळखाल.

नणंदबाईंवर रागावू नका. त्या खोटं बोलत नाहीत. फोनवरचं बोलणं ठरलेल्या वाटेने जातं: कशी आहेस, जेवलीस का, पाऊस आहे का तिकडे, मुलं काय म्हणतात. ही वाट मेंदूत इतकी खोल गेलेली असते की आजार बराच पुढे गेला तरी ती शाबूत राहते. दहा मिनिटांच्या फोनमध्ये ज्या आई छान वाटतात, त्यांच्यासोबत आठ दिवस राहिलं की चित्र दिसतं. त्यांना इंदूरला बोलवा, रक्षाबंधनाचं निमित्त आहेच. आणि त्यांच्यापुढे कैफियत मांडण्यापेक्षा वही ठेवा.

तुमच्या ह्यांचं "वय झालं की होतंच" हे मात्र खरं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना (नेमकं ७.४ टक्के) डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहेच. पण त्याचाच अर्थ असाही की शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तो नाही. तेव्हा वयाच्या नावावर सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, शोधण्यासारखी आहे.

शोधायला सुरुवात तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केली आहे. रक्त तपासा म्हणाले, ते लगेच करा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हर. यांतली काही कारणं अशी आहेत की ती सापडली तर आठवण सुधारू शकते. सासूबाई शाकाहारी असतील, आणि साखरेची गोळी मेटफॉर्मिन असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच आहे, कारण ती गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ उतरतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर आणखी. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम घटतं आणि माणूस गोंधळल्यासारखा होतो. साखरेच्या दुसऱ्या काही गोळ्यांनी साखर फार खाली जाते, तेव्हाही तसंच. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या यांनीही म्हाताऱ्या माणसांची आठवण मंदावते. म्हणून नावं पाठ करू नका. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या पट्ट्या, चूर्ण, काढे, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा.

त्या पिशवीत झोपेची अर्धी गोळी पहिली बघायला सांगा. अल्प्राझोलामसारखी गोळी असेल तर ती आठवणीला मारक असते, पडण्याचा धोकाही वाढवते. पण हात जोडून सांगते, ती स्वतःहून एकदम बंद करू नका. दोन वर्षांची सवय अचानक तोडली तर झोप पार उडते, घबराट होते, कधी झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते.

दोन वर्षं हा शब्द मी मुद्दाम लिहिला. सासरे गेले तेव्हाच ती गोळी सुरू झाली ना? मग दुःखाबद्दल कुणी विचारलं का त्यांना? म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. जेवणावरची वासना जाते, भजनी मंडळ सुटतं, पहाटे तीनला जाग येते, आणि प्रश्न विचारला की "मला नाही माहीत" एवढंच उत्तर येतं. यातही परीक्षेत गुण कमी पडतात, आणि उपचाराने ते वाढू शकतात. तुमच्या डॉक्टरांना सांगा की मनाचीही तपासणी करा. टेली-मानस ही सरकारची २४ तास चालणारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. तुम्हालाही कधी बोलावंसं वाटलं तर तो तुमच्यासाठीही आहे.

एमआरआयचं म्हणाल तर, मेंदूच्या फोटोत आठवण मोजता येत नाही. लहान-मोठे पक्षाघात, रक्तस्राव, गाठ, साठलेलं पाणी, कुठला भाग आकसला आहे, हे त्यात दिसतं, आणि सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टर बहुतेक तो पुढे सांगतीलच. पण आधी नुसता फोटो काढून आणलात तर "वयानुसार बदल" अशी ओळ वाचून तुम्ही निर्धास्त तरी व्हाल किंवा घाबरून तरी जाल, आणि दोन्हींचा उपयोग नाही. मुंबईची तर घाईच नको. इंदुरात न्यूरोलॉजिस्ट आहेत, एम.वाय. हॉस्पिटल आहे. आणि जे डॉक्टर वीस वर्षं सासूबाईंना ओळखतात, पूर्वी त्या कशा बोलायच्या, कशा भांडायच्या हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या हातात मुंबईच्या कुठल्याही स्पेशालिस्टकडे नसलेली एक गोष्ट आहे. रक्ताचे रिपोर्ट, वही आणि मराठीतून पुन्हा घेतलेली परीक्षा, हे तिन्ही हातात आल्यावर ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. तेव्हा जरूर जा.

काही गोष्टींना मात्र पंधरा दिवस थांबू नका. एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागल्या, दिवसभर गुंगीत राहिल्या, ताप आला, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडल्या असतील, डोक्याला मार लागला असेल, तर ते आजच सांगा. मेंदूभोवती रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनीही गोंधळ दिसू शकतो. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि लघवीवर ताबा राहत नाही, असं असेल तर तेही.

समजा, हे सगळं होऊन निदान डिमेन्शियाच निघालं, तर? तरीही आत्ता कळलेलं बरं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं आजार उलटवत नाहीत, पण काही जणांना काही काळ आधार देतात. त्याहून मोठी गोष्ट, आज सासूबाईंना स्वतःचं मत सांगता येतं. बँकेतलं नॉमिनेशन, घराचे कागद, मृत्युपत्र, दागिने कुणाला, आजारपणात काय हवं आणि काय नको, हे त्यांना विचारून, त्यांच्या सहीने आत्ता होऊ शकतं. मुख्त्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात साधं मुख्त्यारपत्र टिकत नाही.

बांगडीवरून वाद घालू नका. "कामवालीने नाही घेतली" हे सिद्ध करत बसलात तर त्यांच्या मनात तुम्हीही तिच्या बाजूच्या होता. "चला, आपण दोघी शोधू" म्हणा, आणि सापडली की जागा वहीत लिहा. बहुतेक त्याच दोन-तीन जागा निघतील. कामवालीला मात्र एकांतात सगळं समजावून सांगा, तिची अब्रूही तितकीच महत्त्वाची आहे.

पुढच्या भेटीसाठी सकाळची वेळ घ्या, नाश्ता झाल्यावर, चष्मा घालून, आदल्या रात्री नीट झोप झालेली असताना. वही डॉक्टरांना आधी पोचवा किंवा त्यांच्याशी पाच मिनिटं वेगळं बोला. सासूबाईंच्या समोर त्यांच्या चुकांची यादी वाचू नका. तुमच्या ह्यांना सोबत न्याच. सासूबाईंना खोटं सांगून नेऊ नका. एवढं सांगा की "आई, बीपी तपासतो तशी यावेळी आठवणही तपासणार आहेत, मागच्या वेळी हिंदीत विचारलं म्हणून गडबड झाली, यावेळी मराठीत विचारतील." आणि हे नक्की सांगा की आषाढ बरोबर होता. घरी पंचांग उघडून दाखवा, त्यांच्या हाताने बोट ठेवून. ज्या दिवशी जाल त्या दिवशी कुठला पक्ष आहे ते बघून ठेवा आणि महिना विचारण्याआधीच डॉक्टरांना सांगा की आमच्याकडे अमावास्येपर्यंत धरतात.

रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, बी-१२ चा आकडा आणि वहीची दोन-चार पानं जोडून.